आवक क्रमांक

नगरपालिकेच्या तळमजल्यावर, तिसऱ्या टेबलासमोर, मुनेव्वर त्या उन्हाळ्यात चौथ्यांदा उभी होती आणि स्तामातियाबाई तिला चौथ्यांदा तेच समजावून सांगत होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, असे मुनेव्वरला वाटले. रागाला निदान उत्तर देता येते.

बाईंनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. "हा इथला, कुटुंबपत्रकाचा उतारा. यात तू विवाहित आहेस. नवरा जेव्देत, मुलगी आयसून. आणि हा वरच्या मजल्यावरचा, विवाहनोंदणीचा. त्यांनी नव्वद सालापासूनच्या सगळ्या वह्या चाळल्या. तुझं लग्न त्यात कुठेच नाही."

"म्हणजे मी लग्नाची की बिनलग्नाची?"

"खालच्या मजल्यावर लग्नाची, वरच्या मजल्यावर बिनलग्नाची." बाई हे म्हणताना हसल्या नाहीत. "कोर्ट घटस्फोट देतं तो वरच्या नोंदीवर. नोंदच नाही, तर ते मोडणार काय?"

"मग खालची नोंद कशाची आहे?"

"ती चुकून झालीय. ती खोडता येते. त्यासाठी एक साधं प्रतिज्ञापत्र लागतं, मागच्या खेपेलाच दिलंय मी तुला. लग्न झालंच नव्हतं, नोंद चुकीने झाली, ती रद्द करावी. एवढं लिही, सही कर. महिन्याभरात मोकळी."

"पण लग्न झालं होतं, बाई."

स्तामातियाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसावा तसा ब्लाउजच्या टोकाने पुसला. रांगेत मागे उभा असलेला एक जाडजूड गृहस्थ, बहुधा दुकानाच्या परवान्यासाठी आलेला, वैतागून म्हणाला, "अहो ताई, एवढी घाई आहे म्हणजे दुसरा कोणीतरी असणारच. त्यालाच आणा की. तो चटकन समजेल."

रांग हसली. मुनेव्वरने मागे वळून पाहिले. "दुसरा कोणी नाही, दादा. पहिल्याचंच आटपत नाहीये."

रांग पुन्हा हसली, या वेळी तिच्या बाजूने. पण हसण्याने कागद हलत नाहीत. तिने कोरा छापील अर्ज पिशवीत टाकला, जिथे आधीचे तीन होते, आणि आपल्या गावाची, ताश्लिपिनारची, एक वाजताची मिनीबस गाठायला निघाली.

*

ग्रीक सरहद्दीवरच्या त्या मुसलमान मुलखात मुफ्ती दोन असतात, हे तिथल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक असते. एक अथेन्सच्या सरकारने नेमलेला. दुसरा लोकांनी शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीत हात वर करून निवडलेला. सरकारच्या मुफ्तीकडून झालेला निकाह नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर जाऊन पोचतो आणि कायद्याच्या दृष्टीने लग्न ठरतो. लोकांच्या मुफ्तीकडचा निकाह अल्लापर्यंत पोचतो, गावापर्यंत पोचतो. तेवढा एक जिना मात्र त्याला चढता येत नाही. म्हणून शहाणी माणसे मान दुसऱ्याला देत आणि कागद पहिल्याकडून करून घेत, आणि या दुटप्पीपणाबद्दल कोणी कोणाला नावे ठेवत नसे.

मुनेव्वरचा बाप तहसिन शहाणा नव्हता, ताठ होता. तंबाखू उत्पादकांच्या सहकारी संस्थेत तेवीस वर्षे चिटणीस म्हणून काम केलेला माणूस. वहीत खाडाखोड चालत नाही, तशी शब्दातही चालत नाही, असे तो म्हणे. आमच्या घरची नवरी सरकारच्या शिक्क्याने उंबरा ओलांडणार नाही, असे त्याने एकवीस वर्षांपूर्वी मशिदीच्या ओट्यावर सगळ्यांसमोर सांगितले होते. तंबाखूच्या माळा उतरवून झाल्यावर, शरदातल्या एका दुपारी, अंगणात निकाह झाला. इमामसाहेबांनी तीनदा विचारले, तिने तीनदा हो म्हटले. मेहर म्हणून सोन्याच्या पाच बांगड्या ठरल्या. लोकांच्या मुफ्तीचा शिक्का असलेला, हिरव्या काठाचा कागद तहसिनने आपल्या चामडी पिशवीत ठेवला, आणि गावच्या ग्रामलेखकाने, तो तहसिनचा बालमित्र होता, तेवढ्या कागदावर मुनेव्वरचे नाव कुटुंबपत्रकात विवाहित म्हणून चढवले. उपकारच केला होता त्याने. वरच्या मजल्यावर तो कागद कधी गेलाच नाही.

जेव्देतचे नाव मात्र तेव्हा गावच्या वहीत नव्हतेच. सैन्यातून सुटल्यावर थेसालोनिकीला कामाला असताना त्याने ते तिकडे हलवून घेतले होते, आणि तिकडच्या वहीला ताश्लिपिनारच्या अंगणात काय झाले याची खबर कोणी दिली नाही. पुढे तो ब्रेमेनच्या जहाज-कारखान्यात गेला. पहिली काही वर्षे ईदेला येत असे. मग नुसते पैसे येत. मग तेही थांबले. अकरा वर्षे झाली. दोन वसंतांपूर्वी शेजारची नेव्रिये ब्रेमेनहून आली तेव्हा तिने पाणवठ्यापाशी, आधी खूप आढेवेढे घेऊन, फोनवर एक फोटो दाखवला. जेव्देत कोटात, शेजारी एक सोनेरी केसांची बाई, हातात फुले, मागे कुठल्याशा कचेरीची पाटी. थेसालोनिकीहून अविवाहित असल्याचा दाखला मागवून त्याने तिथे रीतसर, कायदेशीर लग्न केले होते.

मुनेव्वरला तेव्हा रडू आले नव्हते. तिला राहून राहून एकाच गोष्टीचे नवल वाटत राहिले: एकाच अंगणात, एकाच दिवशी, एकाच इमामाने लावलेला निकाह, आणि त्यातून तो अविवाहित बाहेर पडला नि ती विवाहित.

तिला त्याच्याकडून काही नको होते. बांगड्या तिच्याकडेच होत्या. तिला हवे होते ते एवढेच, की कुठल्यातरी सरकारी वहीत कोणीतरी लिहावे, हे लग्न झाले होते आणि आता ते संपले आहे. दोन वाक्ये. आणि प्रत्येक टेबलावरची माणसे तिला सांगत होती, की यातले दुसरे वाक्य हवे असेल तर पहिले खोडावे लागेल.

*

"सही करू नकोस," तहसिन म्हणाला.

मांडवाच्या सावलीत दोघे समोरासमोर बसली होती. मध्ये पहाटे खुडलेल्या पानांचा ढीग. मुनेव्वर लांब चपट्या सुईत एकेक पान देठापाशी ओवत होती. तिची बोटे चिकाने काळी पडली होती, आणि जून ते ऑगस्ट ती कशानेही उजळत नसत. तहसिनची नजर आता सुईला लागत नव्हती, म्हणून तो पाने निवडून देत होता.

"सही करू नको, तर काय करू तेही सांगा."

"पोरीचा विचार कर. लग्न झालंच नाही असं तू लिहून दिलंस, तर आयसून कोणाची?"

"आयसूनला विचारलं मी. ती म्हणाली, आई, सही करून टाक, इथे नर्सिंगच्या कॉलेजात कोणी विचारत नाही. वर म्हणते कशी, तुम्ही दोघं अजून एकोणीसशे नव्वदमध्येच आहात."

"आज विचारत नाही. उद्या तिचं लग्न ठरेल तेव्हा विचारतील."

"तेव्हाही तुम्हीच मध्ये पडाल आणि कोणत्या मुफ्तीकडे जायचं ते ठरवाल," मुनेव्वर म्हणाली.

तहसिनने एक पान उचलले, उलटे केले, पुन्हा खाली ठेवले. तिला पुढे बोलावे लागले, आणि बोलायला लागल्यावर थांबता आले नाही.

"तेवीस वर्षं तुम्ही संस्थेची वही लिहिलीत, बाबा. लोक सांगतात, तहसिनआगाच्या वहीत एक गाठोडं इकडचं तिकडे झालं नाही. शंभर घरांची तंबाखू तुम्ही नोंदवलीत. घरची एक मुलगी नाही नोंदवलीत."

"मी त्या सरकारी मुफ्तीचा जिना चढणार नाही, असं मशिदीत बोललो होतो."

"तुम्ही बोललात. पायऱ्या मी चढतेय."

सुई तिच्या अंगठ्यात शिरली. तिने अंगठा तोंडात धरला. चिकाची कडू चव जिभेवर पसरली. तहसिन उठला, घरात गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे ती मनाशी म्हणाली आणि माळ पुरी केली. गुरुवारी सकाळी तो आपला करडा कोट घालून, काखेत चामडी पिशवी मारून, ओट्यावर बसून राहिलेला तिला दिसला.

"सरकारच्या मुफ्तीची कचेरी किती वाजता उघडते?" त्याने विचारले. तिच्याकडे न बघता.

*

सरकारी मुफ्तीच्या कचेरीचा जिना अठरा पायऱ्यांचा होता. तहसिनने कठडा धरला नाही. वर मुफ्तींचा चिटणीस रुश्दी एफेंदी बसला होता. टकलाला घाम, समोर पंखा, पंख्यासमोर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला मधाचा रिकामा डबा. त्याने तहसिनला ओळखले आणि तो खुर्चीवरून अर्धा उठला.

"तहसिनआगा! तुम्ही? या जिन्याने?"

"दुसरा जिना नाही ना तुमच्याकडे."

"असता तर तुमच्यासाठी तोच उघडला असता. बसा, चहा सांगतो."

मुनेव्वरला वाटले होते, तो टोमणे मारील. तिने रस्ताभर त्याची उत्तरे तयार केली होती. पण रुश्दी एफेंदीने चहा मागवला, तहसिनच्या ग्लासात आपल्या हाताने साखर घातली, हिरव्या काठाचा कागद उघडून प्रकाशात धरला आणि एखाद्या जुन्या सोयरिकीचे पत्र वाचावे तसा वाचला.

"निकाह चोख आहे," तो म्हणाला. "माझ्या मते यात अल्लाला काहीच कमी नाही. कमी आहे ती सरकारला."

"जुना निकाह उशिरा नोंदवता येतो, असं ऐकलंय," मुनेव्वर म्हणाली.

"येतो की. साक्षीदार लागतात. इमामसाहेब हयात आहेत, तुमचे वडील आहेत. त्यांचं चालेल. मग नवराबायको इथे येऊन बसायचं आणि दोघांनी म्हणायचं, हो, आमचा निकाह झालाय. ते झालं की मी नोंद नगरपालिकेत वरच्या मजल्यावर पाठवतो, आणि मग ताई, घटस्फोटाचा अर्ज तुम्ही त्याच दिवशी दिलात तरी माझी हरकत नाही."

"आणि नवरा आला नाही तर?"

रुश्दी एफेंदीने डबा कागदांवरून उचलला, पुन्हा ठेवला. "तर नाही होत. एकट्या बायकोच्या शब्दावर मी नवरा कसा नोंदवू? उद्या कोणीही येईल आणि कोणाचंही नाव सांगेल."

तेव्हा तहसिन बोलला. त्याने कोट नीट केला, जणू सभेत उभा राहणार होता. "चूक माझी आहे. मुलीची नाही. तेव्हा मला सगळ्यांनी सांगितलं होतं, कागद तेवढा इथून करून घे. मी ऐकलं नाही. काय दंड असेल तो मला लावा, पण तिचं काम करा."

मुनेव्वरने बापाच्या तोंडून हे शब्द कधी ऐकले नव्हते. ते ऐकायला मिळावेत म्हणून तिने कितीतरी रात्री काढल्या होत्या. आणि आता ऐकल्यावर तिला तिथून पळून जावेसे वाटले.

"चूक कोणाची, असा रकाना आमच्या अर्जात नाही, तहसिनआगा," रुश्दी एफेंदी हळू आवाजात म्हणाला. "असता तर निम्मं गाव इथे रांगेत दिसलं असतं. चहा घ्या. निवतोय."

*

जेव्देतचा नंबर आयसूनकडे होता; वाढदिवसाला तो तिला संदेश पाठवी. शुक्रवारी दुपारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीचा अंदाज घेऊन, मुनेव्वरने मांडवात बसूनच फोन लावला. पलीकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता.

"कोण?"

"मुनेव्वर."

आवाज थोडा दूर गेला. तो कुठेतरी आडोशाला गेला असावा. "आयसून बरी आहे ना?"

"बरी आहे. ईदेला येणार आहेस का गावात?"

"बघतो. का गं?"

तिने सांगितले. दोन माणसे, एक टेबल, एक वाक्य. येण्याजाण्याचे भाडे ती देईल. नंतर लगेच घटस्फोट. त्यात ती काहीच मागणार नाही. तो मध्ये न बोलता ऐकत राहिला, इतका शांतपणे, की क्षणभर तिला आशा वाटली.

"वेडी झालीस का तू?" तो म्हणाला. "मी तिथे येऊन म्हणायचं, ही माझी बायको? मग इथे मी दोन बायकांचा नवरा ठरतो. गुन्हा आहे तो इथे. नोकरी जाईल."

"हा गुन्हा तुला कोट चढवताना नाही दिसला?"

"तेव्हा मी अविवाहितच होतो, मुनेव्वर. मी खोटं नाही बोललो. त्यांनी दाखला मागितला, थेसालोनिकीने दिला. कागदात जे होतं तेच मी सांगितलं."

धरले तर चावते आणि सोडले तर पळते, अशी ती गत होती. सर्वांत वाईट हे, की तो म्हणत होता ते खरे होते. कागदात तसेच होते.

"अंगणात काय झालं होतं, जेव्देत?"

तो म्हणाला, "हे बघ, हवं तर आत्ता इथेच तीनदा तलाक म्हणतो. कोणाला तरी शेजारी बसव, ऐकू दे. गावाचं काम भागेल."

"गावाचं भागलंच आहे. गावाला दिसतंय की तू नाहीस. तू म्हणशील, फोन ठेवशील, आणि नगरपालिकेत मी तुझीच बायको राहीन."

"मग त्या कागदावर सही कर ना. सगळ्यांची सुटका होईल."

"सगळ्यांची," मुनेव्वर म्हणाली. "तुझी आधीच झालीय. माझी व्हावी म्हणून मी म्हणायचं, की ती दहा वर्षं मी कोणाच्याही घरी नांदले नाही. तुझ्या आईला शेवटचे आठ महिने मी कुशीवर वळवलं, ते कोण म्हणून?"

पलीकडे भोंगा वाजला. त्याने काहीतरी म्हटले, ते लोखंडाच्या आवाजात विरले, आणि फोन बंद झाला. तिच्या काळ्या बोटांचे ठसे काचेवर उमटले होते. ते पुसता पुसता आणखी पसरले.

*

सोमवारी ती पाचव्यांदा तिसऱ्या टेबलासमोर आली तेव्हा तहसिन तिच्याबरोबर होता, करड्या कोटात, पिशवीसकट. स्तामातियाबाईंनी त्याला खुर्ची दिली.

"सही करायचं ठरलं?" त्यांनी विचारले. त्यांच्या स्वरात सुटकेची आशा होती. मुनेव्वरला त्याचे वाईट वाटले.

"पेन द्या."

अर्ज एका पानाचा होता. वर नाव, बापाचे नाव, गाव. खाली एक छापील ओळ, मग नुसत्या रेघा. मुनेव्वरने ती ओळ मोठ्याने वाचली: "खोटी माहिती दिल्यास मी शिक्षेस पात्र ठरेन हे ठाऊक असून मी जाहीर करते की."

"अगं, ते छापील आहे. सगळ्यांच्याच अर्जावर असतं."

"मग सगळ्यांनाच लागू असेल," मुनेव्वर म्हणाली आणि लिहू लागली.

तिचे ग्रीक अक्षर शाळेतल्यासारखे गोल आणि सावकाश होते. पेन बोटांना चिकटत होते. तिने लिहिले: मी, तहसिनची मुलगी मुनेव्वर, राहणार ताश्लिपिनार, जाहीर करते की १९९८ साली माझा जेव्देतशी निकाह झाला. मला तीनदा विचारले, मी तीनदा हो म्हटले. अकरा वर्षांपूर्वी त्याने संसार सोडला. लग्न झाले होते. आता ते नाही. दोन्ही खरे आहे. तशी नोंद व्हावी.

स्तामातियाबाईंनी वाचले. "मुनेव्वर, हे मला घेता येत नाही. इथे 'झालं नव्हतं' असं पाहिजे." त्यांनी दुसरा कोरा अर्ज पुढे केला.

तिने दुसऱ्यावर तेच लिहिले. शब्द न शब्द तेच.

"असं नाही गं."

तिसऱ्यावरही तेच. भिंतीवरच्या घड्याळात एकाला वीस मिनिटे कमी होती. एक वाजता टेबले बंद होत. मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली. "पत्र लिहितायत काय नवऱ्याला?" कोणीतरी म्हणाले. "ती पोस्टाची खिडकी नव्हे, ताई!"

"माझ्याकडे पाचशे अर्जांचा गठ्ठा आहे," स्तामातियाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली. "तू पाचशे वेळा हेच लिहिलंस तरी मला घेता येणार नाही."

"बाई," तहसिन म्हणाला.

तो इतका वेळ पिशवीवर हात ठेवून बसला होता. आता उठला. त्याचे ग्रीक खेडवळ होते, पण कचेरीचे शब्द त्याला बिनचूक येत. "घेता येत नाही, की मंजूर करता येत नाही?"

"म्हणजे?"

"तेवीस वर्षं मी सहकारी संस्थेत बसलो. आमच्याकडे एक म्हातारा दर महिन्याला अर्ज आणायचा, की पाऊस संस्थेने पाडावा. मूर्खपणा होता. पण टेबलावर आलेला कागद. मी आधी आवक क्रमांक टाकायचो, मग तो अध्यक्षांसमोर, मग नामंजूर. परत नाही दिला कधी. परत देण्याचा अधिकारच नव्हता मला." त्याने हिरव्या काठाचा कागद काढून मुनेव्वरच्या अर्जावर ठेवला. "अर्ज एक. सोबत जोडपत्र एक. तुम्हाला आहे का परत देण्याचा अधिकार?"

स्तामातियाबाई बराच वेळ त्या दोन कागदांकडे पाहत राहिल्या. मुनेव्वरला वाटले, त्या आता वरच्या कोणाला तरी बोलावतील. पण त्या थकलेल्या दिसत होत्या, आणि त्या थकव्यात शत्रुत्व नव्हते.

"नाही," त्या म्हणाल्या. "तो नाही मला. पण हे नामंजूर होणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते, आगा. लोकांच्या मुफ्तीच्या कागदावर कोणी काही करणार नाही."

"नामंजूर करायला आधी दाखल करावं लागतं."

बाईंनी संगणक स्वतःकडे वळवला. "विषय काय लिहू? विषयाशिवाय यंत्र पुढे जात नाही. 'नोंद दुरुस्ती' लिहिते."

"दुरुस्ती नाही," मुनेव्वर म्हणाली. "अर्जात काय मागितलंय ते लिहा."

बाईंची बोटे कळांवर थांबली. रांगेतला कोणीतरी मोठ्याने सुस्कारला. मग त्यांनी सावकाश टंकले, आणि पडदा थोडा तिच्याकडे फिरवला: *विवाह संपुष्टात आल्याबाबत.*

"चालेल?"

मुनेव्वरने मान डोलावली. न झालेली गोष्ट संपुष्टात येत नाही, हे बाईंनाही कळले असणार. पण त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, शिक्का उचलला आणि दोन्ही कागदांवर दाबला. छपाईयंत्राने पावतीची एक चिठ्ठी बाहेर टाकली.

*

मिनीबसमध्ये तहसिनने चिठ्ठी मागून घेतली आणि डोळ्यांजवळ धरून जुन्या सवयीने तपासली. आवक क्रमांक ४४१७. तारीख बरोबर. जोडपत्र एक. उत्तराची मुदत पन्नास दिवस.

"शिक्का तिरका बसलाय," तो म्हणाला. "पण चालतं."

"शेवटची ओळ वाचा."

त्याने चिठ्ठी आणखी जवळ नेली. "अर्जदाराची स्थिती: विवाहित." तो गोंधळला. "हे कोणी लिहिलं?"

"कोणी नाही. मी विचारलं त्यांना. यंत्र आपोआप उचलतं, खालच्या वहीतून. उत्तर येईपर्यंत मी त्याचीच बायको."

"आणि उत्तर नामंजूर येणार."

"येणारच."

बस शेवटची घरे मागे टाकून डोंगराच्या वळणांना लागली. तंबाखूच्या मांडवांवर माळा वाळत होत्या, हिरव्याच्या पिवळ्या होत होत्या. तिच्या पिशवीत, आधीच्या कोऱ्यांच्या बरोबरीने, त्या दिवशी लिहिलेले आणखी दोन अर्ज होते. दोन्हीवर तेच शब्द. ते फेकायचे कुठे, हे तिला सुचले नव्हते.

"बाबा," ती म्हणाली, "शेवटी माझ्या निकाहाच्या कागदावर सरकारचा शिक्का बसला की नाही? तुमच्याच हाताने."

तहसिनने खिडकीबाहेर पाहिले. त्याच्या मानेची शीर ताठ झाली, मग सैल पडली. रिकाम्या पडलेल्या मशिदीच्या वळणावर त्याचे ओठ नेहमीच्या दुआसाठी हलले, तेवढेच. मग त्याने चिठ्ठीच्या चार घड्या घातल्या, ती चामडी पिशवीच्या आतल्या कप्प्यात सरकवली आणि कडी लावली.

"नामंजुरीवर अपील असतं," तो म्हणाला. "वरच्या मजल्यावर. त्यालाही क्रमांक पडतो."

मुनेव्वरने मनातल्या मनात पन्नास दिवस मोजले. ते ऑगस्टच्या अखेरीला, शेवटच्या तोडणीच्या ऐन गर्दीत संपत होते. अपील करायला पाने सोडून यावे लागणार होते. तिने सीटच्या पाठीला डोके टेकले, काळी बोटे मांडीवर पसरली आणि उद्या पहाटे कोणत्या बांधापासून खुडायला लागायचे, याचा विचार करायचा प्रयत्न केला.